काकवीच्या तळाला साखर आणि वर फेस: एकाच बाटलीत दोन्ही का होतं, आणि लहान आधणात ते कसं टाळायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरच्या बाजूला दहा गुंठे ऊस, लहान चरक, चार फुटी लोखंडी काहील (रस आटवायची पसरट कढई) आणि एका आधणाला शंभर लिटर रस. जानेवारीत केलेली काकवी फेब्रुवारीत तळाला दाणे धरते. त्याच बाटल्या मे महिन्यात उघडल्या की फस्स आवाज होतो, वर फेस येतो आणि वास आंबूस लागतो. गावातले जाणते म्हणतात, ‘कच्ची राहिली, अजून आटव.’ दुकानदार म्हणतो, ‘औषध टाका.’ औषध तुम्हाला टाकायचं नाही, आणि अजून आटवली तर दाणे वाढतील अशी भीती आहे.

भीती रास्त आहे. नुसती जास्त आटवून तुमचं काम होणार नाही. दाणे धरणं आणि आंबणं ही तुम्हाला उलटसुलट दुखणी वाटतात, पण तुमच्या बाटल्यांत पहिल्यामुळेच दुसरं झालेलं आहे. ते कसं, हे एकदा नीट कळलं की पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा अर्थ लागेल, म्हणून आधी तेच सांगतो.

उसाच्या रसातली साखर बहुतांशी सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर. २० अंश सेल्सिअसला शंभर ग्रॅम पाण्यात ती साधारण दोनशे ग्रॅम विरघळते. म्हणजे पाकात साखर ६७ टक्क्यांच्या आसपास गेली की पाणी तिला आणखी सामावून घेत नाही. जास्तीची साखर आज ना उद्या दाणा होऊन खाली बसते. दुसरीकडे, गोड पाकातही तग धरणारे किण्व (यीस्ट) असतात. काकवीचा ब्रिक्स (शंभर ग्रॅममध्ये विरघळलेला घन माल, मुख्यतः साखर, किती ग्रॅम) ७० च्या वर असला तर ते सहसा गप्प राहतात, ६५ च्या खाली आला की सुखाने वाढतात. म्हणजे टिकायला ७० हवेत आणि नुसती साखर विरघळून राहते ६७ पर्यंतच. कॅनडात आणि अमेरिकेच्या व्हरमाँटमध्ये मेपलच्या झाडाचा रस आटवणाऱ्यांची नेमकी हीच अडचण असते. त्या रसात साखर जेमतेम दोन टक्के, चाळीस लिटर आटवावा तेव्हा एक लिटर पाक हाती येतो, आणि ती साखर जवळपास सगळी सुक्रोज. म्हणून ते लोक ६६-६७ ब्रिक्सला थांबतात, गरमागरम भरून बाटली बंद करतात आणि उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवायला सांगतात.

आपल्याकडे यातून वाट आहे. आंबटपणा आणि उष्णता मिळाली की सुक्रोज फुटतं आणि त्याचं ग्लुकोज व फ्रुक्टोज होतं. गुळाच्या भाषेत ही इन्व्हर्ट साखर. ती सुक्रोजसोबत असली की दोन्ही मिळून पाण्यात कितीतरी जास्त मावतात, आणि सुक्रोजचे दाणे जुळायला अडथळाही होतो. चांगल्या काकवीत ३० टक्क्यांच्या आसपास पाणी, ४० ते ६० टक्के सुक्रोज आणि १५ ते २५ टक्के इन्व्हर्ट साखर असते. हे प्रमाण साधलं तर ७०-७२ ब्रिक्सची काकवी वर्षभर पातळ राहते आणि आंबतही नाही.

आता तुमची बाटली बघा. जानेवारीचा ताजा, पक्व ऊस. त्यात सुक्रोज भरपूर, इन्व्हर्ट अगदी थोडं. तुम्ही अंदाजाने आटवून ७१-७२ ला आणलीत. थंडीत दाणे पडले. दाण्यांनी पाकातली साखर काढून घेतली, पाणी मात्र वरच राहिलं. म्हणजे तळाला खडे आणि वर ६६-६७ ची पातळ काकवी. त्यात बाटली धुऊन पूर्ण वाळलेली नसेल तर आणखी पाणी मिळालं. मार्च-एप्रिलच्या उन्हाळ्याने किण्वांना ऊब दिली. मे महिन्यात फस्स होणारच.

म्हणूनच काकवीला अर्धवट आटवलेला गूळ समजू नका. गुळव्याचा हात गुळाला बसलेला असतो. ढेप टणक व्हावी, दाणेदार निघावी म्हणून सुक्रोज फुटू न देण्यात त्याचं सगळं कसब असतं. चुन्याची निवळी (चुन्याचं वरचं निवळ पाणी, रसाचा आंबटपणा मारणारं) तो त्यासाठीच घालतो. त्याच सवयीने केलेली काकवी दाणे धरते, आणि दोष आच देणाऱ्याच्या माथी जातो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी मान्य करतो. ऊस कोणता, कोणत्या जमिनीतला, किती दिवसांचा, यावर रंग आणि चव ठरते. चुलीवर त्यात फारसा बदल करता येत नाही. चोपण किंवा क्षारपड जमिनीतल्या उसाची काकवी खारट आणि काळपट होणार. युरियाचा हप्ता मोठ्या बांधणीनंतरही देत राहिलात तरी तेच. को ८६०३२, को ९२००५, कोसी ६७१ या जातींचा गूळ चांगला होतो आणि काकवीही. तुमच्याकडे जो ऊस उभा आहे त्यातच काम करायचं असेल तर निदान तोडणीआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडा, आणि ऊस पिकल्याची खात्री ० ते ३२ ब्रिक्सच्या छोट्या रिफ्रॅक्टोमीटरवर (थेंबभर रसावरून ब्रिक्स दाखवणाऱ्या यंत्रावर) करा. बुडख्याच्या कांडीचा रस २० दाखवतो आणि शेंड्याकडच्या कांडीचा १८-१९ च्या पुढे असेल तर ऊस तयार. वर-खाली चार-पाचचा फरक असेल तर थांबा.

वाढं (शेंड्याचा हिरवा भाग) तोडताना हात आखडता घेऊ नका. वाढ्याखालच्या दोन कांड्यांत साखर कमी आणि क्षार जास्त असतात, त्या गुरांना जाऊ द्या. लोळलेला, उंदराने कुरतडलेला, खोडकिडीने लाल पडलेला ऊस काकवीला घेऊ नका. काही जण म्हणतात की शिळ्या उसात इन्व्हर्ट आपोआप वाढतं, मग काकवीला तो बरा. वाढतं हे खरं, पण त्याबरोबर जिवाणू रसात चिकट, बुळबुळीत पदार्थ तयार करतात. असा रस नीट निवळत नाही आणि काकवी चमच्यातून लाळेसारखी लोंबते. आंबटपणा आपल्याला आपल्या हाताने, मोजून द्यायचा आहे. तेव्हा सकाळी तोडलेला ऊस संध्याकाळच्या आत चरकातून निघाला पाहिजे आणि रस तासाभरात चुलवाणावर चढला पाहिजे.

हिशेब असा ठेवा. लहान चरकाला उसाच्या वजनाच्या साठ टक्के रस निघतो असं धरलं तर शंभर लिटर (म्हणजे १०८ किलो) रसाला १८० किलो ऊस लागतो. रस १९ ब्रिक्सचा असेल तर त्यात साडेवीस किलो घन माल. मळीत (तापवताना वर येणाऱ्या कचऱ्यात) आणि भांड्याला लागून पाच टक्के गेला, तर राहिला साडेएकोणीस. ७१ ब्रिक्सला त्याची साडेसत्तावीस किलो काकवी होते, म्हणजे वीस लिटर. पाच लिटर रसाला एक लिटर, हे सोपं गणित लक्षात ठेवा. तुम्हाला शंभर लिटरमधून पंचवीस लिटर मिळत असेल तर आनंद मानू नका, ती कच्ची आहे. सोळा लिटरच भरत असेल तर ती गुळाच्या वाटेवर आहे.

रस चरकातून आला की स्टीलच्या चाळणीतून आणि मग दुहेरी मलमलच्या कापडातून गाळून टाकीत घ्या. वीस मिनिटं स्थिर राहू द्या आणि तळाची माती-चोथा मागे ठेवून वरचा काढा. चरकाचे रूळ आणि खालचा ट्रे रोज काम संपल्यावर गरम पाण्याने धुवा. रात्रभर राहिलेल्या रसाच्या थरात जे वाढतं ते सकाळच्या पहिल्या दहा लिटरमध्ये उतरतं, आणि काकवी आंबूस का लागते हे मग कळत नाही.

लोखंडी काहिलीबद्दल. गुळाला ती चालते. काकवीत आपण आंबट घालणार, त्यामुळे लोखंड सुटतं, रंग काळवंडतो आणि जिभेवर धातूची चव येते. शक्य असेल तर स्टीलची चार फुटी, फूट-सव्वा फूट उंच, सपाट बुडाची काहील करून घ्या. शंभर लिटर रस तिच्यात साधारण साडेआठ सेंटिमीटर उभा राहतो, म्हणजे उंचीच्या एक तृतीयांशाहून कमी. उरलेली जागा फेसासाठी लागते. लोखंडीच वापरायची तर तिच्यात फक्त पहिला टप्पा करा. आंबट दुसऱ्या भांड्यात घालायचं आहे, ते पुढे सांगतो.

पहिला टप्पा मळी काढण्याचा, आणि इथे घाई हा सगळ्यात मोठा शत्रू. रानभेंडीचे दांडे-मुळं ठेचून आदल्या रात्री पाण्यात भिजवा. शंभर लिटर रसाला अडीचशे ग्रॅम पुरे. सकाळी हाताने कोळून, गाळून घेतलं की तार सुटणारा चिकट काढा मिळतो. रस कोमट झाला की अर्धा काढा घाला, ढवळा आणि आच मंद ठेवा. रस तापत जातो तसा त्यातला कचरा आणि प्रथिनं गोठतात, भेंडीच्या चिकटात अडकतात आणि वर येतात. ८०-८५ अंशांवर सगळा पृष्ठभाग करड्या-काळ्या साईने झाकला जातो. साईला भेगा पडायला लागल्या की झाऱ्याने काठाकडून मध्याकडे हलकेच गोळा करून काढा. उकळी फुटण्याआधी ही साय निघालीच पाहिजे. एकदा खळखळून उकळलं की साय तुटून रसात मिसळते, आणि मग कितीही गाळा, गढूळपणा जात नाही. उरलेला काढा त्यानंतर घाला. दुसरी मळी पातळ, पिवळसर येते, तीही काढा. काढा जास्त घालून फायदा नाही. जास्तीचा चिकटपणा काकवीत उतरतो आणि पालेभाजीसारखा वास राहतो.

चुन्याची निवळी घालायची का? ताज्या पक्व उसाच्या रसाचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा कमी तितका रस आंबट) ५.२ ते ५.४ असतो. काकवीसाठी तो तसाच ठेवा, चुना घालू नका. रस ५ च्या खाली असेल, मळी नीट जमत नसेल, तर थोडी थोडी निवळी घालत सामूची कागदी पट्टी बघा आणि ५.५ च्या आत थांबा. गुळासाठी सहाच्या पुढे नेतात, ते इथे उपयोगाचं नाही. गुळाचा रंग उजळायला वापरतात ती हायड्रॉस पावडर तर अजिबात नको. तिने आलेला पिवळा रंग काही आठवड्यांत उतरतो आणि काकवीला गंधकाचा वास मागे राहतो.

मळी निघाली की मात्र आच पूर्ण वाढवा. इथे मंद आचेची हौस करू नका. जितका वेळ पाक तापत राहील तितका रंग काळा आणि चव करपट. फेस काठाशी आला तर शेंगदाण्याच्या तेलाचे चार-सहा थेंब टाका, लगेच बसतो. वाटीने तेल ओतू नका, ते पुढे खवट होतं. जळणाचं चिपाड (रस काढलेल्या उसाचा चोथा) कडक वाळलेलं हवं. ओल्या चिपाडाचा धूर काहिलीवर फिरला की काकवीला तो वास लागतो.

लहान आधणाची खरी अडचण पुढे आहे, आणि गुळव्यांना ती सहसा येत नाही, कारण त्यांचं आधण हजार लिटरचं असतं. तुमचे शंभर लिटर आटून वीस झाले की चार फुटी काहिलीत त्यांची उंची उरते दीड-पावणेदोन सेंटिमीटर, खाली चुलवाणाचा जाळ. काठाला पाकाचा थर चिकटून जळतो, ती काळी पापडी परत पाकात गळते, आणि दोन मिनिटांच्या फरकात ब्रिक्स ६८ वरून ७५ वर जातो. अंदाजाने थांबणाऱ्याचं चुकतं ते इथेच. म्हणून काहिलीत काकवी संपवू नका. रस मूळच्या एक तृतीयांशावर, म्हणजे ३२-३३ लिटरवर आला की तो साधारण ५० ब्रिक्सचा असतो. तेव्हाच तो दुहेरी मलमलमधून गाळून दोन फुटी, खोल स्टीलच्या पातेल्यात काढा आणि पुढचं काम मोठ्या गॅसच्या शेगडीवर करा. त्या पातेल्यात वीस लिटर काकवी सहा-सात सेंटिमीटर उंच राहते, जळत नाही आणि आच हातात राहते. गाळायचं तेही याच वेळी, नंतर पाक कापडातून उतरत नाही.

३३ लिटर आले हे कसं ओळखायचं? हंगामाआधी काहिलीत मोजून ३३ लिटर पाणी ओता, मध्यभागी स्वच्छ लाकडी पट्टी उभी धरा आणि पाण्याच्या रेषेवर सुरीने खाच पाडा. प्रत्येक आधणाला तीच पट्टी, त्याच जागी. जाळ ओढून उकळी बसल्यावर मोजा, फेसासकट मोजलं तर फसाल.

पातेल्यात काढल्याबरोबर आंबट घाला. प्रमाण शंभर किलो तयार काकवीला ४० ग्रॅम सायट्रिक ॲसिड. तुमच्या साडेसत्तावीस किलोला ११ ग्रॅम. लिंबानेच करायचं तर गाळलेला दोनशे-सव्वादोनशे मिली रस लागेल. पण लिंबांचा आंबटपणा सारखा नसतो, त्यामुळे निदान पहिल्या हंगामात वजन करून सायट्रिक ॲसिड वापरा, असं माझं मत. ते लिंबात असतं तेच आहे, त्याला औषध म्हणून घाबरू नका. शेवटी घालून उपयोग नाही. सुक्रोज फुटायला उष्णता आणि वेळ दोन्ही लागतात, आणि पातेल्यातली पाऊण तासाची उकळी तो वेळ देते. दुप्पट घातलं तर काकवी आंबट लागते आणि रंग लालसर काळा होतो.

आता थांबायचं कधी? पुस्तकी आकडा १०५ ते १०६ अंश. इथे बरेच जण फसतात. हा आकडा समुद्रसपाटीच्या जवळचा. रत्नागिरीत पाणी १०० ला उकळतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, तिथे ते ९८ च्या आसपासच उकळतं. तिथे १०६ पर्यंत नेलीत तर काकवी ७५ च्या पुढे जाऊन पुन्हा दाणे धरणार. म्हणून आकडा पाठ करण्यापेक्षा फरक मोजा. त्याच दिवशी, त्याच थर्मामीटरने आधी उकळत्या पाण्याचं तापमान घ्या. त्यापेक्षा साडेपाच ते सहा अंश वर गेलं की थांबा. कोल्हापुरात हे १०३.५ ते १०४ येईल. या पद्धतीने थर्मामीटर एखाद्या अंशाने चुकीचा असला तरी बिघडत नाही. त्याचं टोक पाकात बुडालेलं हवं, पण बुडाला टेकलेलं नको.

तापमान जवळ आलं की ४५ ते ८२ ब्रिक्सच्या रिफ्रॅक्टोमीटरने खात्री करा. चमचाभर काकवी छोट्या डबीत घ्या, झाकण लावा आणि डबी गार पाण्यात धरून खोलीच्या तापमानाला आणा. उघड्या चमच्यात फुंकर मारून गार केलीत तर वाफ जाते आणि वाचन चढं येतं. ७० ते ७२ मध्ये असली की आच बंद. नमुना गार होईपर्यंत शेगडी बारीक ठेवा.

यंत्राशिवायची खूण सांगतो, पण ती सोबतीला, यंत्राच्या जागी नाही. झारा बुडवून उचला आणि आडवा धरा. कच्च्या पाकाचे थेंब पाण्यासारखे एकामागून एक सुटतात. मग ते रेंगाळायला लागतात. काकवी झाली की झाऱ्याच्या कडेवर दोन थेंब एकमेकांकडे सरकतात, जुळतात, कानाच्या पाळीसारखे लोंबतात आणि एकदमच तुटून पडतात. गार पाण्यात थेंब टाकला तर तो पसरतो. बोटात धरता येईल अशी गोळी जमली, तर तुम्ही काकवी ओलांडून गुळाकडे निघालात. तसं झालंच तर आधणातलाच बाजूला ठेवलेला कच्चा पाक किंवा उकळतं पाणी थोडं घालून मागे आणा.

इथवरचे आकडे एकत्र: १८० किलो ऊस, १०० लिटर रस, अडीचशे ग्रॅम भेंडी, उकळीआधी मळी, ३३ लिटरला पातेल्यात, ११ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, पाण्याच्या उकळीपेक्षा साडेपाच-सहा अंश वर, ७०-७२ ब्रिक्स, २० लिटर काकवी.

भरण्यातही तुमची एक चूक होत असावी. गरम काकवीवर घट्ट झाकण ठेवलं की वाफ झाकणाला लागून थेंब बनते, थेंब खाली पडतात, आणि काकवीच्या वर केसाएवढा पाण्याचा थर तयार होतो. खाली ७१ असली तरी त्या थरात ब्रिक्स फार कमी असतो, आणि बुरशीला, किण्वाला तेवढं पुरतं. म्हणून पातेल्यावर आधी कोरडं स्वच्छ कापड बांधा. काकवी पूर्ण गार झाली की झाकण. नंतर ती तळापासून पाच सेंटिमीटरवर तोटी असलेल्या स्टीलच्या टाकीत आठ-दहा दिवस निवळू द्या. खाली मऊ गाळ बसतो, वरची काकवी चहासारखी आरपार दिसते. हा गाळ आणि साखरेचा दाणा यांत गल्लत करू नका. बोटांत चोळल्यावर दाणा खरखरतो आणि गरम पाण्यात विरघळतो. गाळ लोण्यासारखा पसरतो.

निवळलेली काकवी ८५ अंशांपर्यंत तापवा, उकळू नका. ओव्हनमध्ये किंवा कडक उन्हात पूर्ण वाळवून गरम ठेवलेल्या काचेच्या बाटल्यांत वाफेला जागा न ठेवता गळ्यापर्यंत भरा, झाकण लावा आणि दोन मिनिटं आडवी ठेवा, म्हणजे झाकणाची आतली बाजूही तापते. प्लॅस्टिकच्या बाटल्या या तापमानाला वाकड्या होतात. फोडलेली बाटली पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढते, तेव्हा ओळखीच्यांना अर्ध्या लिटरच्या बाटल्या द्या, पाच लिटरचे कॅन नकोत. विकणार असाल तर अन्नसुरक्षा नोंदणी करून घ्या आणि बाटलीवर आधणाची तारीख टाका. तक्रार आली तर कोणत्या दिवशीच्या उसाची, हे त्याच तारखेवरून कळतं.

औषधाचंही सांगतो. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, बेंझोइक ॲसिड ही काकवी टिकवायची जुनी, माहितीतली द्रव्यं आहेत. जो पिंपांनी माल ठेवतो आणि महिनोन् महिने तेच पिंप उघडतो-झाकतो त्याला ती लागतात. तुमच्या वीस-वीस लिटरच्या आधणांना, ब्रिक्स साधला आणि गरम भरली तर लागत नाहीत.

इन्व्हर्ट पुरेसं झालं का, हे घरी बघायची एक चाचणी आहे. प्रत्येक आधणाची थोडी काकवी काचेच्या बशीत पातळ पसरा, वर साखरेचे आठ-दहा दाणे टाका, झाका आणि घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात आठवडाभर ठेवा. फ्रिजमध्ये नको, तिथली थंडी बाटलीला कधी लागणारच नाही. दाणे झिजले किंवा तसेच राहिले तर ते आधण खुशाल भरा. दाण्यांना कडा फुटल्या, ते वाढले, तर ते आधण निवळायच्या टाकीतूनच परत पातेल्यात घ्या, गरम पाणी घालून ६० ब्रिक्सवर आणा, दर दहा किलोला दोन ग्रॅम सायट्रिक ॲसिड आणखी घाला आणि पुन्हा ७१ ला आणा. निवळायला आठ-दहा दिवस लागतातच, म्हणजे चाचणीने वेळ वाया जात नाही.

गेल्या वर्षीच्या बाटल्यांचं काय करायचं, हेही तुम्ही विचारलं आहे. ज्यांत फक्त दाणे आहेत, वास चांगला आहे, त्या ६०-६५ अंशांच्या पाण्यात उभ्या करून दाणे विरघळू द्या आणि वर सांगितल्याप्रमाणे पुन्हा पातेल्यातून काढा. नुसतं विरघळवून ठेवलंत तर येत्या थंडीत परत बसतील. ज्या फसफसल्या आहेत त्या उकळून विकू नका. उकळीने किण्व मरतात, पण आंबलेली चव जात नाही. त्या उघडताना तोंड दुसरीकडे करून, झाकणावर जाड कापड धरून हळूहळू सैल करा, आतला दाब बराच असतो. आणि फेकू नका. दोनशे लिटर जीवामृताला दोन किलो गूळ लागतो, त्याऐवजी ही काकवी तीन किलोपर्यंत घाला आणि खोडव्याला द्या.